गाडीचं तोंड पुसणाऱ्या वहिनी

गेल्या मंगळवारपासून मला पुन्हा भूक लागते. मशीनवर बसलो की सुई सरळ चालते. मधले काही आठवडे मी माणसात नव्हतो. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. कोट अंगात घालून तो बिचारा कितीतरी वेळ आरशात स्वतःकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" मी त्याच्यावरच खेकसलो. आता सगळं ठीक आहे. जीव भांड्यात पडला आहे आणि त्या भांड्यावर मी झाकणही ठेवलं आहे. त्यामुळे आमच्या वहिनींची गोष्ट सांगायला आता हरकत नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आम्ही तिघं एका घरात राहतो. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम, मधल्या खोलीत दादाचं रेडिओदुरुस्तीचं टेबल, आणि दाराबाहेर वहिनींची पांढरी गाडी. वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकणारे त्यांना 'बाई' म्हणतात आणि त्या पाठमोऱ्या झाल्या की 'ब्रेकबाई'. कारण शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो आणि वहिनींचा पाय त्याच्यावर कायमचा राहायला गेलेला आहे.

त्या या धंद्यात हौसेने आल्या नाहीत. आधी गाडी दादा चालवायचा. एका बेकरीची पावाची गाडी होती, आणि दादा सकाळी दुकानोदुकानी पाव टाकायचा. असाच एकदा रस्त्याच्या कडेला गाडी लावून तो मागच्या दारातून पावाचे ट्रे उतरवत होता. तेवढ्यात एका टेम्पोने त्याला उडवलं आणि टेम्पो न थांबता निघून गेला. दादा पावांच्या ढिगात पडला. शुद्ध गेली नव्हती. पाय मोडलेला, पण डोळे उघडे. जाणाऱ्या टेम्पोची मागची नंबरप्लेट त्याला समोर दिसत होती आणि तिच्यावरचा एकही आकडा दिसत नव्हता. सगळी प्लेट चिखलाने लिंपलेली. दिवस कडक उन्हाळ्याचे, रस्ता कोरडा ठणठणीत, बाकी टेम्पो धुतल्यासारखा स्वच्छ. चिखल फक्त तेवढ्या प्लेटवर.

तो टेम्पो सापडला नाही. सापडणार कसा? आम्ही पोलिसांकडे खेटे घातले, तर ते विचारायचे, "नंबर सांगा." दादा अंथरुणावर पडल्या पडल्या डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायचा. न दिसलेलं आठवायचं तरी कसं? पण तो आठवत राहायचा. एखादा आकडा तरी दिसला असेल, म्हणायचा, नीट आठवलं तर येईल. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दादावर नव्हे, त्या चिखलावर.

पावाची गाडी दारात उभी होती आणि बेकरीवाला दुसरा ड्रायव्हर शोधत होता. तेव्हा वहिनींनी पदर खोचला. दादाने त्यांना अंथरुणावरून गाडी शिकवली. जमिनीवर तीन चपला ओळीने मांडल्या, डावी क्लच, मधली ब्रेक, उजवी ॲक्सिलरेटर. वहिनी खुर्चीवर बसून हातात ताट धरायच्या, ते स्टिअरिंग. प्लास्टरमधला दादा ओरडायचा, "वळण आलं! समोर म्हैस! आता चढ!" आणि वहिनी चपला दाबायच्या. त्या तीन चपलांपैकी दोन माझ्या होत्या. मला बाजारात अनवाणी जावं लागायचं, पण कौतुकाने मीच दारात उभा राहून हॉर्न वाजवायचो. तोंडाने.

पुढे त्यांनी पावाची गाडी काही वर्षं चालवली, मग रीतसर परवाना काढून शिकवायला लागल्या. दादाचा पाय बरा झाला तरी लंगडा राहिला. तो रेडिओ दुरुस्त करू लागला. दुरुस्त झालेला रेडिओ तपासायचा म्हणजे दिवसभर मोठ्याने लावून ठेवायचा, असा त्याचा ठाम विश्वास आहे.

आता वहिनींच्या शिकवण्याची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. किल्ली हातात देण्याआधी त्या शिकणाऱ्याला एक पिवळं फडकं देतात. गाडीभोवती एक फेरी मारायची, मागची नंबरप्लेट पुसायची, पुढची पुसायची, मगच दार उघडायचं. पहिल्या दिवशी प्रत्येक जण विचारतो, "बाई, हे गाडी धुणाऱ्याचं काम आम्ही का करायचं?"

"घरातलं पोर तोंड न पुसता बाहेर पाठवाल का?" वहिनी विचारतात. "मग गाडी कशी पाठवता? आपण कोण ते रस्त्याला दिसलं पाहिजे. तोंड झाकून फिरणाऱ्याच्या मनात काय असतं ते मला विचारा."

कुणी ऊन आहे, उशीर झालाय, काल तर पुसली होती, असं काही म्हणालं तरी सुटका नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे: "हाताला शिकवलं की डोकं विसरलं तरी चालतं." परीक्षा पास झालेल्या प्रत्येकाला त्या एक नवं पिवळं फडकं भेट देतात. ती फडकी मी शिवतो. चारी बाजूंनी दुहेरी टीप, कोपऱ्यात अडकवायला बंद. पेढे-बिढे वाटण्यापेक्षा हे बरं, पोट बिघडत नाही.

वहिनी शिकणाऱ्यांना त्यांच्या दोषांवरून नावं ठेवतात. आरशात न बघणारी ती 'नाकासमोर', गाडी बंद पाडणारा तो 'उचकी', आणि एक फुलवाला होता तो 'घाई'. फुलवाल्याचं दुकान पलीकडच्या चौकात. समारंभांना फुलं पुरवायचा. मुलगा लाघवी, पण पी हळद अन् हो गोरी असा स्वभाव. सिग्नल पिवळा झाला की याचं रक्त तापायचं. वहिनींच्या जादा ब्रेकचं अर्धं आयुष्य त्याने एकट्याने खाल्लं. पण वहिनींचा त्याच्यावर जीव होता. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा तो हौसेने दुकानात बरोबर गेला आणि तिथल्या तिथे स्वतःसाठीही तसलीच पांढरी गाडी ठरवून आला. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी रस्त्यावर आल्या. यात नवल काही नाही. वहिनींच्या हाताखाली शिकलेले बहुतेक जण तीच पांढरी गाडी घेतात, कारण दुसऱ्या गाडीच्या क्लचवर त्यांचा विश्वास बसत नाही.

मला विचाराल तर मीही त्यांच्याकडे शिकायला बसलो होतो. माझ्या मते त्या गाडीचं स्टिअरिंग वाकडं आहे. वहिनींच्या मते नाचता येईना, अंगण वाकडं. विषय तिथेच संपला.

तर अशा या बाईंच्या नावाने एके दिवशी दंडाची नोटीस आली. वेगमर्यादा ओलांडली. आम्ही हसलो. दादा म्हणाला, "अगं, तू ओलांडलीस? तुला तर हातगाड्या ओलांडतात." दुसरी आली, तांबडा सिग्नल तोडला. मग तिसरी, मग पुलावर उलट्या बाजूने घुसल्याची. प्रत्येकीत कॅमेऱ्याने काढलेला फोटो. मागून दिसणारी पांढरी गाडी आणि स्वच्छ वाचता येणारा नंबर. आमचाच.

हसू केव्हा थांबलं ते कळलं नाही. वहिनींनी लिहून कळवलं की ही गाडी मी चालवत नव्हते. उत्तर आलं, मग कोण चालवत होतं? वहिनींची गाडी त्यांच्याशिवाय कोण चालवणार? छपरावरचा शिकाऊ गाडीचा बोर्ड चुंबकाचा, रोज संध्याकाळी काढून ठेवायचा, त्यामुळे फोटोत बोर्ड नाही याला अर्थ नव्हता. गाडीला एखादा पोचा, एखादा ओरखडा असता तरी सांगता आलं असतं की बघा, आमच्या गाडीला खूण आहे, हिला नाही. पण वहिनींची गाडी! इतकी वर्षं जपून चालवल्याचं हे फळ, की तिला ओळखायला एक डाग नाही.

आणखी एक भानगड होती. सगळे फोटो रविवार दुपारचे होते. इतर दिवशी वहिनींच्या शेजारी कुणी ना कुणी शिकणारा असतो, तो साक्ष देऊ शकला असता. पण रविवारी दुपारी वहिनी एकट्याच गाडी घेऊन बाहेर पडतात. कुठे जातात ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. आता मी विचारलं.

"वहिनी, रविवारी तुम्ही जाता तरी कुठे? कुणी बघितलं असेल तर साक्षीला बोलावता येईल."

"कुणी बघितलेलं नाही, भावजी."

"पण जाता कुठे?"

"जाते कुठेतरी," म्हणून त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा जोरातच आपटली. दादाने मला डोळ्याने गप्प केलं. शेजारच्या बाई मात्र गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "दिसतात साध्या," त्या नळावर म्हणाल्या, "पण आठवडाभर हळू चालवून चालवून माणसाला होत असेल हो कधी जोरात जावंसं." मी त्यांच्या ब्लाउजचं कापड होतं तसं परत केलं. म्हटलं, माझ्या सुईला तुमचं माप जमत नाही.

मग शेवटची नोटीस आली. इतके गुन्हे करणाऱ्या व्यक्तीला दुसऱ्यांना गाडी शिकवू देता येणार नाही. वाहन कचेरीत सुनावणी होईल, समाधानकारक खुलासा न झाल्यास शिकवण्याचा परवाना रद्द. घर चालायचं ते मुख्यतः त्या परवान्यावर. दादाचे रेडिओ हल्ली कोण दुरुस्त करून घेतं, आणि माझी कोटांची कथा तर सांगितलीच. पण वहिनींना वेगळंच खात होतं. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून पिवळं फडकं पिळता पिळता त्या म्हणाल्या, "भावजी, परवाना गेला तर पुन्हा पाव टाकीन. पण कुणीतरी माझा नंबर लावून फिरतंय. उद्या त्याने कुणाला उडवलं तर तो माणूस रस्त्यावर पडल्या पडल्या काय वाचेल? माझा नंबर वाचेल." आणि मधल्या खोलीकडे बघितलं. तिथे दादा बसला होता, रेडिओ लावून.

सुनावणीच्या दिवशी दादाला घरी ठेवून मी वहिनींबरोबर गेलो. मला फाटकाशी उतरवून त्या गाडी लावायला आत गेल्या. आत शिरून बघतो तर काय, कचेरीचं सगळं आवार पांढऱ्या गाड्यांनी भरलेलं! वहिनींचे शिष्य बातमी ऐकून साक्ष द्यायला आले होते. नाकासमोर आली होती, उचकी आला होता, फुलवाला घाई दारातच हात जोडून उभा. "काका, बाईंच्या परवान्याला हात लावून तर बघू देत!" तो मला म्हणाला. मला भरून आलं. इतकी माणसं कुणाच्या लग्नालाही येत नाहीत हल्ली.

साहेबांनी सगळ्यांना आत घेतलं नाही. फक्त वहिनी आणि मी. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने फोटो पुढे सरकवला आणि म्हणाला, "बाई, तुमचं नाव चांगलं आहे ते मी ऐकलंय. पण हा नंबर वाचा आणि सांगा, तुमचा आहे की नाही?"

वहिनींनी चष्म्यासाठी पर्स चाचपली. चष्मा गाडीत राहिला होता. इतक्या वर्षांत त्या काही विसरलेल्या मला आठवत नाहीत. त्या दिवशी विसरल्या, यावरून त्यांच्या मनाची अवस्था काय होती ते समजा.

"मी आणतो," म्हणून मी किल्ली घेतली आणि बाहेर आलो.

आता त्या पांढऱ्या कळपात आमची गाडी कुठली? मी गाडीतला अडाणी असलो तरी नंबर वाचता येतो. एकेका गाडीचं मागचं अंग वाचत निघालो, आणि भिंतीकडेच्या रांगेत मला आमचा नंबर मिळाला. किल्लीचं बटण दाबलं, दार उघडेना. किल्ली भोकात घालून फिरवली, फिरेना. कडी ओढली, खिडकीवर थाप मारली. आत वहिनी वाट बघतायत, साहेब घड्याळ बघत असणार, आणि ही गाडी जन्माचं वैर काढतेय! मी टायरला लाथ घातली आणि माझाच अंगठा दुखावला.

"काका, काका! काय करताय?" फुलवाला धावत आला. "ती माझी गाडी आहे!"

"तुझी?" माझा पारा आधीच चढलेला. "मला आकडे वाचता येत नाहीत असं वाटतं तुला? हा बघ नंबर. वहिनींचाच आहे!"

"नाही हो काका, माझीच आहे. आत बघा, फुलांच्या टोपल्या आहेत. सगळ्या गाड्या सारख्या म्हणून तुमचा गोंधळ झाला. धूळ बसलीये ना, नीट दिसत नसेल."

असं म्हणत त्याने दार उघडलं, कप्प्यातून पिवळं फडकं काढलं आणि वाकून मागची प्लेट पुसली. अगदी बाईंनी शिकवली तशी, डावीकडून उजवीकडे, एका दमात. माझं लक्ष आधी फडक्याकडे गेलं, कारण ते माझ्या हातचं होतं. त्याची घडी अजून मोडलेली नव्हती. किती दिवसांत ते वापरलंच नव्हतं पठ्ठ्याने! मग माझं लक्ष प्लेटकडे गेलं.

नंबरचा शेवटचा आकडा आठ होता. आता तिथे इंग्रजी तीन होता. आणि फडक्याला काळ्या चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे लोंबत होते.

आधी मला काहीच कळलं नाही. त्याला मात्र सगळं कळलं. म्हणजे निम्मं कळलं. त्याने जीभ चावली, फडकं पाठीमागे लपवलं आणि कसनुसा हसला. "काका, कुणाला सांगू नका हं. दंड फार यायचे हो. रविवारी समारंभ असतात, फुलं सुकतात, घाई होते... एका मित्राने सांगितलं की तिनाची दोन तोंडं बंद केली की आठ होतो, मग येत नाहीत."

"येत नाहीत?" मी म्हणालो. "गाढवा, येतात! आमच्या घरी येतात!"

मी त्याला दंडाला धरलं आणि किल्लीचं बटण दाबत दाबत फरफटत रांगेच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे झाडाखाली वहिनींची गाडी दिवे लुकलुकवत उभी होती. त्याने नंबर वाचला. शेवटी आठ. मग एकदा मान वळवून आपल्या गाडीकडे बघितलं. एकाच दिवशी, एकाच दुकानातून निघालेल्या दोन गाड्या, पाच नंबरांचं अंतर. तेवढं अंतर त्याने चिकटपट्टीने बुजवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सकाळपासून एकाच नंबरच्या दोन गाड्या त्या आवारात उभ्या होत्या, आवार माणसांनी भरलेलं होतं, खुद्द वाहन कचेरीचा पहारेकरी दारात बसला होता आणि एकाच्याही नजरेला ते पडलं नव्हतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी हात उगारला होता, हे कबूल करतो. पण त्याने माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. "बाई आत आहेत?" एवढंच विचारलं आणि माझ्या आधी धावत सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची घाई मला आवडली.

मी चष्मा घेऊन पोचलो तेव्हा तो साहेबाच्या टेबलासमोर उभा होता. पिवळं फडकं टेबलावर उलगडलेलं, त्यावर दोन काळे तुकडे. तो सगळं बोलून मोकळा झाला होता आणि आता नुसता रडत होता. साहेब कधी फडक्याकडे बघत होता, कधी फोटोकडे. वहिनींनी माझ्याकडून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून ते तुकडे बघितले. कितीतरी वेळ बघितले. आता त्या त्याच्या थोबाडीत देणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तशी आशा होती.

"बाई, मला माहीत नव्हतं तुमचा नंबर होतोय," तो म्हणाला. "मला वाटलं असेल कुणाचा तरी. कुणीतरी लांबचा, अनोळखी..."

"आमच्या ह्यांना उडवणाऱ्यालाही ते अनोळखीच होते," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्याने चिखल लावला होता. तू चिकटपट्टी लावलीस. रस्त्यावर पडलेल्या माणसाला दोन्ही सारखंच."

दादाची कथा त्यांच्या प्रत्येक शिष्याला माहीत असते, कारण पहिल्या दिवशी फडकं देताना ती सांगितली जाते. त्यालाही सांगितलेली होती. त्याने मान खाली घातली आणि ती वर येईना.

मग वहिनींनी विचारलं, "पुढची पुसलीस का?"

"काय?"

"पुढची प्लेट. मागची पुसलीस. पुढची पुसलीस का?"

"नाही, बाई."

"मग जा, पुसून ये."

साहेब खुर्चीतून उठला. त्यालाही ते बघायचं होतं. आम्ही सगळे बाहेर आलो. फुलवाल्याने दोन हातांनी फडकं धरून पुढची प्लेट पुसली, गुडघ्यावर बसून, नखाने खरवडून चिकटपट्टीचा शेवटचा कणही काढला. भोवती वहिनींचे शिष्य गोळा झाले होते. काय झालं ते एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणी आपापल्या गाडीकडे गेलं, कुणी कप्प्यातून फडकं काढलं, आणि बघता बघता आवारभर माणसं आपापल्या नंबरप्लेटी पुसायला लागली, कारण नसताना. साहेबाने वहिनींकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, तुमचा परवाना रद्द करायला मला दुसरा जन्म घ्यावा लागेल." फुलवाल्याला मात्र त्याने आत बोलावलं. त्याचं जे व्हायचं ते रीतसर झालं. काही महिने तो गाडी चालवणार नाही, आणि परत चालवायची तर पुन्हा शिकून परीक्षा द्यायची. कुणाकडे शिकणार, हे त्याने तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं. वहिनी हो म्हणाल्या. मी असतो तर म्हणालो नसतो. पण मला कोण विचारतं?

परत येताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. चौकाच्या अलीकडे त्यांनी गाडी बाजूला घेतली, हॅन्डब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडल्या. मी घाबरलो. मग लक्षात आलं, रडता रडता त्या हसतही होत्या.

"भावजी, मी रविवारी कुठे जाते सांगू?"

"नका सांगू," मी म्हणालो. "आता गरज नाही."

"तळ्याकाठी झाडाखाली गाडी लावते, सीट मागे पाडते आणि झोपते. तासभर गाढ झोपते. घरी दिवसभर तुमचं मशीन आणि ह्यांचे रेडिओ, झोप कशी लागणार? साहेबाला सांगितलं असतं तर त्याला पटलं असतं का? आणि तुम्हाला दोघांना वाईट वाटलं असतं ते वेगळंच."

शेजारच्या बाईंनी काय काय कल्पना केल्या होत्या त्या आठवून मला असं हसू फुटलं की मागून येणाऱ्या गाडीने हॉर्न वाजवला. वहिनींनी डोळे पुसले, आरसा बघितला, हात दाखवला आणि हातगाड्यांना पुढे जाऊ देत आम्ही घरी आलो.

दादा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे, दुखऱ्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकून. सगळं मीच सांगितलं, कारण वहिनी थोडक्यात सांगतात आणि मला ते पटत नाही. किल्ली कशी लागेना, टायरला लाथ कशी मारली, आठाचा तीन कसा झाला. परवाना वाचला हे ऐकून दादाने मान हलवली, जणू ते त्याला ठाऊकच होतं. साहेब काय म्हणाला, शिष्य किती आले होते, यात त्याचं लक्ष नव्हतं. माझं सांगून संपल्यावर त्याने वहिनींना एकच विचारलं.

"त्या पोराच्या गाडीचा नंबर आता दिसतो ना?"

"दिसतो," वहिनी म्हणाल्या. "पुढचा आणि मागचा. मी बघितला."

"मग झालं," दादा म्हणाला, आणि त्याने भिंतीला हात टेकून असा श्वास सोडला की तो त्या पावांच्या ढिगात पडल्यापासून त्याने कोंडून धरला असावा.

वहिनी हातपाय धुऊन आतल्या खोलीत गेल्या आणि भरदिवसा आडव्या झाल्या. मी त्या रविवारच्या झोपेची गोष्ट दादाला हळूच सांगितली. तो लंगडत मधल्या खोलीत गेला आणि टेबलावरचे सगळे रेडिओ एकेक करून बंद केले. मीही मशीनवरून पाय काढला.